परसातला रस्ता आणि जनू ड्रायव्हर

परसात रस्ता बांधायचा नाही, असा कायदा निदान माझ्या वाचनात नव्हता. आणि या बाबतीत माझं वाचन कमी नाही. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. लोकांना नोटिसा काढण्यातच माझे केस पिकले. त्यामुळे एका सकाळी नगरपालिकेचा माणूस माझ्याच हातात 'विनापरवाना रस्ता' अशी नोटीस ठेवून गेला, तेव्हा मला आधी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या. राग नंतर आला.

रस्ता होता, हे खरं. विहिरीच्या कठड्यापासून निघायचा, नारळाच्या आळ्याला वळसा घालून धुण्याच्या दगडाशेजारून अळवाच्या वाफ्याकडे उतरायचा आणि मोरीमागून पुन्हा विहिरीपाशी यायचा. रुंदी हातभर. त्याच्यावरून फार तर मांजर गेलं असतं, तेही अंग चोरून. पण सरकारी कागदावर 'रस्ता' शब्द आला की तो राज्यमार्गाएवढा दिसतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या रस्त्यावरून माझ्या सासऱ्यांची गाडी धावायची. लाल रंगाची, बुटाच्या खोक्यात मावेल एवढी, रिमोटवर चालणारी.

सासरे म्हणजे जनार्दन, पण खाडीकाठचा सगळा खारेपाट त्यांना जनू ड्रायव्हर म्हणून ओळखतो. मी मामा म्हणतो. एस.टी.त नोकरी झाली, बहुतेक सगळी पेण-रोहा मार्गावर. सासूबाई गेल्यावर नमितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना गावाहून आमच्याकडे पेणला आणलं. तोवर त्यांना कंपवातानं धरलं होतं. उजवा हात आपल्या मनानं हलायचा. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम म्हणून रबरी चेंडू दिला. मामांनी थोडे दिवस तो दाबला आणि एका दुपारी शेजारच्या सगुणाकाकूंच्या अंगणात भिरकावून दिला.

"ज्या हातानं गाडी हाकली, त्या हातानं आता लिंबू पिळत बसू?" एवढंच म्हणाले आणि पुढं बोलणंच बंद केलं. दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. कोपऱ्यावर एस.टी. वळताना गियर बदलल्याचा आवाज यायचा, पण मान वर करायचे नाहीत. चिडलेला सासरा परवडतो. गप्प सासरा घरात असला की घास गिळतानाही आवाज होईल अशी भीती वाटते.

आमची मुलगी किमया पुण्याला असते. तिनं आजोबांसाठी ही गाडी पाठवली. मामांनी खोक्यातून काढून ती उलटी केली, खालून बघितली, म्हणाले, "इंजिन कुठं हाय हिचं?" मग रिमोटचा दांडा पुढं ढकलला. गाडी सुटली ती थेट चहा घेऊन येणाऱ्या नमिताच्या घोट्यावर. कप फुटला, चहा माझ्या ऑफिसच्या विजारीवर, आणि मामा हसले. खळखळून. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदा.

नमिता फुटक्या कपाच्या काचा गोळा करता करता माझ्याकडे बघून म्हणाली, "होऊ दे." पुढं जे जे झालं ते त्या हसण्यापायी झालं.

घरातल्या फरशीवर गाडी घसरायची. अंगणात फाटकाखालून रस्त्यावर पळायची. म्हणून परसात जागा करायचं ठरलं. मी नुसत्या विटा मांडून वाट आखली होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर शेजारी एकदा डोकावून जातात. पण कुणी विटा मांडायला घेतल्या की मुक्कामालाच येतात. सगुणाकाकू म्हणाल्या, "भावजी, शेणानं सारवा. गुळगुळीत होईल." सारवलं. गाडीच्या चाकांत शेण भरलं आणि ती दारात उभी राहून सगळ्या घराला वास देऊ लागली.

पलीकडचा मितेश गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडवतो. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काका, शेण कसलं लावताय? शाडू आहे ना आपला! असा घाट काढून देतो, बघत राहा." त्यानं खरंच घाट काढला. वळणावर उतार दिला, कडेला कठडे केले, एका टोकाला सवयीनं सोंडही निघाली होती, ती नंतर पुसली. पण धुण्याचं पाणी कुठून वाहतं हे कुणी बघितलं नव्हतं. सकाळी मी पाहणीला गेलो, पाय ठेवला आणि बसूनच अळवापर्यंत पोचलो. पाठीला शाडू, डोक्यावर अळवाचं पान. कुंपणापलीकडून मितेश ओरडला, "काका, हलू नका, रंगवायचंच बाकी आहे!" मला विनोद कळतो. पण शाडू वाळल्यावर उठणं किती कठीण असतं, ते मूर्तीला कळत नसावं म्हणून ती हसतमुख असते.

शेवटी सिमेंटचा कोबा केला. तो ओला असताना काकूंची कोंबडी शांतपणे त्याच्यावरून चालत गेली. तिच्या पावलांचे खड्डे कायमचे राहिले. मी चिडलो, पण मामा खूश. "आसू दे, आसू दे. खड्डं नसलं तर पेण-रोहा वाटनारच नाय."

मग गाडी एकदा कुंपणातून निसटली आणि काकूंनी खाटेवर न मावलेले पोह्याचे पापड खाली चादरीवर वाळत घातले होते, त्यांच्या मधोमध गेली. काकू रागावल्या नाहीत. फक्त आपल्या भाच्यापाशी म्हणाल्या, "निलेशभावजींनी मागनं रस्ता काढलाय, गाड्या माझ्या अंगणात येतात." भाचा नगरपालिकेत. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे.

नोटिशीमागोमाग साहेब आले. टेप लावून त्यांनी रस्ता मोजला, कोंबडीच्या पावलांवरही टेप लावला. "वापर काय म्हणून दाखवायचा?" त्यांनी विचारलं. रस्ता म्हटलं तर ना-हरकत लागते, मैदान म्हटलं तर प्रयोजन लागतं. दोन सरकारी माणसं विहिरीच्या कठड्यावर बसून शब्द शोधत होती. तेवढ्यात मामांनी साहेबांच्या हातात रिमोट दिला. साहेबांनी टेप खाली ठेवला. गाडी विहिरीवर धडकली, धुण्याच्या दगडावर धडकली, माझ्या नडगीवर धडकली. साहेब घामाघूम होऊन म्हणाले, "अजून एकदा बघू का?" जाताना त्यांनी 'बागेतील पायवाट' असं लिहून घेतलं. एका कारकुनानं दुसऱ्याला यापेक्षा सुंदर शब्द भेट दिल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसांत घरात आवाज होता. मामा सकाळीच विचारायचे, "पायवाटेवर ऊन आलं काय?" त्यांच्याशी शर्यत लावावी म्हणून मी पनवेलहून तशीच दुसरी गाडी आणली. पण दोन्ही सुरू केल्या तर मामांच्या रिमोटवर माझीही गाडी पळायला लागली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "एकाच जातीच्या आहेत, एकमेकींच्या रिमोटचं ऐकतात." घरात कुणीतरी एकमेकांचं ऐकतं, हे कळून बरं वाटलं. ती गाडी मी कपाटात ठेवून दिली.

माघी गणपती झाले आणि मामांचा हात बिघडला. डावाही हलायला लागला. गाडी विहिरीपासून निघायची, नागमोडी जायची आणि कठड्याला घासून उलटायची. मामा कोपर खुर्चीच्या हाताला दाबून बघायचे, दातांत ओठ धरायचे. गाडी उलटायची ती उलटायचीच. एक दिवस त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आज नको. पेट्रोल नाय."

दुसऱ्या दिवशीही पेट्रोल नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवायला सांगितली.

नमिता स्वयंपाकघरात नारळ खवत होती. नारळ संपून करवंटी लागली तरी तिचा हात चालूच होता. मी बघितलं आणि कपाट उघडलं. मामांच्या रिमोटमध्ये भिंतीवरच्या घड्याळातून काढून ठेवलेले संपलेले सेल घातले. दुसरा रिमोट घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत, कोथिंबिरीच्या कुंडीमागं उभा राहिलो. जाळीतून मामांचे अंगठे दिसत होते. नमिता त्यांना हाताला धरून परसात घेऊन आली.

त्यांनी दांडा ढकलला, मी ढकलला. गाडी निघाली. त्यांचे अंगठे थरथरत इकडं तिकडं जायचे. त्यांना कुठं जायचं आहे तेवढं ओळखून मी गाडी नेत होतो. नारळाचं वळण आलं. पार पडलं. अळवाचा उतार आला. तोही पार पडला. गाडी विहिरीपाशी येऊन थांबली आणि मामा खुर्चीत ताठ होऊन ओरडले, "व्हय!"

त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. नमिता मला वाढताना म्हणाली, "वळणावर जरा हळू घ्या." एवढंच. या विषयावर आम्ही नवरा-बायको याहून जास्त कधी बोललो नाही.

मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही, हे सांगायला हवं. मामांनी लग्न ठरवतानाही तेवढा एकच प्रश्न विचारला होता. आता मी रोज ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर उभ्या पेणमध्ये कुणी चालवली नसेल अशी गाडी चालवत होतो आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. संशय नको म्हणून अधूनमधून मुद्दाम धडकावत होतो. मामा रोज दाढी करून घेऊ लागले. आल्यागेल्याला परसात नेऊन दाखवू लागले. एकदा मी चहा घेऊन गेलो तर माझ्याकडं दयेनं बघून म्हणाले, "जावयबापू, तुला नाय जमनार हे. तुजा हात कारकुनाचा."

मी म्हणालो, "खरं आहे, मामा." आणि स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबिरीची दोन पानं उगाच तोडली.

नमिताची बहीण शकू रोह्याला असते. तिचा नवरा आदेश, माझा साडू, तिथल्या एका केमिकल कंपनीत आहे. शिफ्ट नसली की त्यांच्या वसाहतीतली मंडळी असल्याच गाड्या पळवतात, पण त्यांच्या गाड्या मोठ्या चाकांच्या, महागाच्या. आदेशचा स्वभाव दिलदार आणि आवाज भोंग्यासारखा. मामांनी त्याला फोनवर सांगितलं, "रोहेकर, या एकदा पेनला. बगू तुमची चाकं." आदेश म्हणाला, "येतोच, मामा! रविवारी!"

मी घाबरलो. फाईल लांबवायच्या जेवढ्या पद्धती मला येतात तेवढ्या सगळ्या वापरल्या. एका रविवारी ऑडिट काढलं, एका रविवारी अमावस्या. एका रविवारी पाणीपुरवठा बंद असल्याचं कळवलं. शेवटी मामाच म्हणाले, "तू मधी मधी का करतोस? मी हरेन म्हनून?" पुढचा रविवार मी मोकळा ठेवला.

आली मंडळी. जीप भरून आली. येताना मडकं, वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला असं सगळं घेऊनच आली. मडक्यात शेंगा भाजायची ही पोपटी खरं तर संध्याकाळी लावायची, पण रोह्याला परतायचं म्हणून दुपारीच परसाच्या कोपऱ्यात मडकं उलटं घालून पेंढा पेटवला. मितेशनं खडूनं रेघ आखली. विहिरीच्या कठड्यावर, मोरीच्या पायरीवर, जागा मिळेल तिथं माणसं बसली. मामा इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत. मी खिडकीत.

गाड्या सुटल्या आणि स्वयंपाकघरात सगुणाकाकू आल्या. "भावजी, मीठ कुठं ठेवतात हो? पोपटीला..." त्यांची नजर माझ्या हाताकडं गेली. मग जाळीतून बाहेर, मामांच्या हाताकडं. मग पुन्हा माझ्याकडं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, आता पापडांचा हिशेब चुकता होणार. पण त्या मागं सरल्या, दाराच्या चौकटीत आडव्या उभ्या राहिल्या आणि आत येणाऱ्या शकूला म्हणाल्या, "थांब गो, मीच घेऊन येते मीठ." आणि जागच्या हलल्या नाहीत.

बाहेर आदेशची गाडी कोंबडीच्या पावलांवर उडून उलटी झाली. त्याच्या मित्राची उरलेल्या शेंगांच्या ढिगात शिरली. आमची पुढं होती. मामांचं तोंड लहान मुलासारखं उजळलं होतं आणि आनंदानं त्यांचे दोन्ही हात नुसते उडत होते. शेवटची फेरी. मध्ये आदेशची पाठ आली, मला मामा दिसेनात, पण गाडी दिसत होती. नारळाचं वळण मी असं घेतलं की आयुष्यात दुसरं काही इतकं नीट केल्याचं मला आठवत नाही.

मग लक्षात आलं की कुणीच ओरडत नाही.

आदेश बाजूला झाला. मामांच्या रिमोटचं झाकण उडालं होतं. सेल बाहेर पडून कोब्यावर घरंगळत त्यांच्या पायाशी आले होते. आणि गाडी चालली होती, सुतासारखी सरळ.

मी अंगठा काढला. गाडी रेघेच्या अलीकडे थांबली. मामांनी गाडीकडं बघितलं, सेलांकडं बघितलं, आणि मग इकडं तिकडं कुठंही न बघता सरळ खिडकीकडं बघितलं. कोथिंबीर विरळ झाली होती. जाळीतून सगळं दिसतं.

हसायला कुणी तयार नव्हतं, रडायलाही. आदेशनं घसा खाकरला आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाला, "पोपटी करपेल. काढू या." मडकं काढलं. सगळ्यांनी खाली मान घालून वाल खाल्ले. शकूनं सोलून दिलेले दाणे मामांनीही खाल्ले. कुणीतरी म्हणालं, मीठ कमी आहे. रोह्याची जीप उन्हं असतानाच निघून गेली.

पुढचे काही दिवस मामा ओट्यावर. मी जवळ जाऊन म्हणालो, "मामा, चुकलं माझं." ते रस्त्याकडं बघत राहिले. मी खुलासा केला, दिलगिरी व्यक्त केली, पुन्हा असं होणार नाही अशी हमी दिली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी कचेरीतल्या उत्तरासारखं बोलतोय. मग उठून आत गेलो. नमिता दोघांच्या मधून ताटं नेत-आणत राहिली.

एका दुपारी परसातून हाक आली. "जावय!"

मामा एकटेच भिंतीला धरून तिथवर गेले होते. काकूंकडून नवे सेल मागवून घेतले होते, पण ते त्यांना घालता येत नव्हते. "घाल," म्हणाले. मी घातले. "आता तिथं पायरीवर बस. हात मांडीवर. दिसतील असे ठेव."

मी बसलो. त्यांनी गाडी सोडली. ती विहिरीवर धडकली. मागं घेतली, पुन्हा धडकली. हातभर गेली, वळली, उलट आली. अळवात शिरली तेव्हा मी उठलो.

"बस."

ते स्वतः उठले. धुण्याच्या दोरीला धरून, दोरीवरचे टॉवेल सरकवत सरकवत गेले, वाकले. वाकलेल्या माणसाला परत उभं राहायला इतका वेळ लागतो हे मी त्यापूर्वी कधी बसून बघितलं नव्हतं. गाडी सरळ केली, परत आले. माझे हात मांडीवर होते आणि बोटं दुखत होती. नमिता चहा घेऊन आली, दारातच थांबली. चहा गार झाला. ऊन मोरीमागं उतरलं. गाडी धुण्याच्या दगडापर्यंत आली आणि तिथं अडकली ती निघेना.

मामांनी रिमोट खाली ठेवला.

"एवढीच गेली," ते म्हणाले. "उद्या एवढी पन नाय जानार. मला कळतं रे."

मी मांडीवरचे हात तसेच ठेवले.

"थोड्या दिवसांनी घास भरवशील. आंघोळ घालशील. घाल, मी नाय म्हननार नाय. पन मला सांगून घाल. मी ड्रायव्हर म्हनून बसलोय आनि गाडी भलताच हाकतोय, आसं पुन्ना नको." मग म्हणाले, "नारळाचं वळन मात्र झ्याक घेतलंस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून माझं हे पहिलं कौतुक. मला त्या वेळी त्याचं काही करता आलं नाही.

होळी झाली. मामांच्या बोटांत आता रिमोट राहत नाही. गाडी त्यांनीच सगुणाकाकूंच्या नातवाला देऊन टाकली. रस्त्यावर नमितानं कुंड्या मांडल्या आहेत.

काल सकाळी त्यांना डॉक्टरकडं न्यायचं होतं. रिक्षा दारात येऊन उभी होती. मी खोलीच्या दारात गेलो तर मामा पांढरा सदरा घालून पलंगावर बसलेले, बटण काजात घालायचा प्रयत्न चाललेला. बटण काजापर्यंत यायचं, बोट हलायचं, सुटायचं. मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. नमिता मागून येऊन बघून गेली. पुन्हा हॉर्न वाजला. मी हललो नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात खाली सोडले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लाव."

मी पुढं होऊन खाली बसलो. "लावतो हां, मामा," मी म्हणालो. "वरचं आधी लावतो."

त्यांनी हनुवटी वर केली.